जॉर्ज रायन : फाशी थांबवणारा गव्हर्नर तुरुंगात कसा गेला

मक्याचं_रान (४ मे २०२५)

इलिनॉयचे माजी गव्हर्नर जॉर्ज रायन २ मेला कँककीत वारले. वय ९१. इथल्या बातम्यांनी त्यांना दोन ओळींत आटोपलं: राज्यातली फाशी थांबवणारे आणि भ्रष्टाचारासाठी तुरुंगात गेलेले. दोन्ही खरं आहे. पण एकाच माणसाच्या हातून या दोन गोष्टी कशा घडल्या, हे कुणी उलगडून सांगत नाही. मी बरीच वर्षं इलिनॉयमध्ये राहते, हे प्रकरण पहिल्यापासून वाचत आले आहे, आणि त्याबद्दल माझं ठाम मत आहे. ते मांडते, तुम्हीही मांडा.

भारतातल्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की इथला गव्हर्नर थेट लोकांनी निवडून दिलेला असतो. अधिकाराच्या बाबतीत तो आपल्या मुख्यमंत्र्यासारखा, आणि वर इलिनॉयमध्ये शिक्षा माफ किंवा कमी करण्याचा अधिकारही त्याच्या एकट्याच्या सहीत असतो.

रायन यांचा जन्म १९३४ चा, आयोवातला, पण ते वाढले कँककीत. शिकागोच्या दक्षिणेला साधारण ६० मैलांवरचं हे गाव. वडिलांचं औषधाचं दुकान होतं, पुढे एकाची अनेक दुकानं झाली. रायनही फार्मसी शिकले, मध्ये सैन्यातून कोरियाला जाऊन आले. शाळेपासूनची मैत्रीण लुरा लिन हिच्याशी १९५६ मध्ये लग्न झालं. सहा मुलं, त्यांतल्या तीन मुली तिळ्या. भाऊ टॉम कँककीचा महापौर होता. गावात रिपब्लिकन पक्षाची घट्ट यंत्रणा होती. नोकरी असो की कंत्राट, पक्षाच्या ओळखीने मिळायचं, आणि ज्याला मिळालं त्याने निवडणुकीत राबून आणि पैसे जमवून ते फेडायचं. रायन राजकारण शिकले ते इथे. साठच्या दशकात काउंटी बोर्ड (जिल्ह्याचं मंडळ), १९७३ पासून विधानसभा, १९८१ मध्ये सभापती, १९८३ पासून आठ वर्षं गव्हर्नर जिम थॉम्पसन यांच्या हाताखाली लेफ्टनंट (उप) गव्हर्नर, आणि १९९१ मध्ये सेक्रेटरी ऑफ स्टेट.

खरी गोष्ट या शेवटच्या पदापासून सुरू होते. इलिनॉयमध्ये सेक्रेटरी ऑफ स्टेटचा परराष्ट्र व्यवहाराशी काही संबंध नसतो. वाहन परवाने, गाड्यांची नोंदणी, नंबरप्लेट, कंपन्यांची नोंदणी, एवढंच काय राज्याचं ग्रंथालयसुद्धा त्याच्याकडे. माझा इथला पहिला परवाना हातात आला तेव्हा त्यावर रायन यांचंच नाव छापलेलं होतं. राज्यभर कार्यालयं, हजारो कर्मचारी, आणि प्रत्येक नागरिक कधी ना कधी त्यांच्या खिडकीशी येणारच. या पदाला आधीचा इतिहासही आहे. पॉल पॉवेल नावाचे सेक्रेटरी ऑफ स्टेट १९७० मध्ये वारले तेव्हा स्प्रिंगफिल्डच्या हॉटेलातल्या त्यांच्या खोलीत बुटांच्या खोक्यांसकट इकडेतिकडे ठेवलेली मिळून सुमारे आठ लाख डॉलरची रोकड सापडली होती.

रायन यांच्या काळात रोकड खोक्यांत नव्हती. ती निवडणूक निधीत जात होती, आणि तीही रीतसर पावती फाडून. निधीसाठी मेजवान्या व्हायच्या, त्यांची तिकिटं परवाना कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांनी खपवायची. कुणी किती खपवली याच्याकडे वरून लक्ष असायचं, बढती-बदलीवर त्याचा परिणाम व्हायचा. मग मकूक आणि मेलरोज पार्कसारख्या कार्यालयांत काहींनी सोपा मार्ग काढला: अवजड ट्रक चालवण्याच्या परीक्षेत पैसे घेऊन उमेदवाराला पास करायचं आणि त्या पैशांतून तिकिटं स्वतःच विकत घ्यायची. अशा लाचेतले किमान १,७०,००० डॉलर रायन यांच्या निधीत गेले, असं पुढे सरकारी वकिलांनी दाखवलं.

८ नोव्हेंबर १९९४. निवडणुकीचा दिवस, रायन त्याच पदासाठी पुन्हा उभे होते आणि जिंकलेही. त्याच दिवशी मिलवॉकीजवळ आय-९४ महामार्गावर एका ट्रकच्या मागच्या दिव्याचा आणि मडफ्लॅपचा (चाकामागे चिखल अडवणाऱ्या पट्टीचा) जोड तुटून रस्त्यावर पडला. मागून शिकागोच्या एका पाद्र्याची व्हॅन येत होती, आत नवरा-बायको आणि सहा मुलं. लोखंडी तुकडा व्हॅनखाली सापडला, पेट्रोलची टाकी फाटली आणि गाडीने पेट घेतला. आईवडील भाजले पण वाचले. सहाही मुलं गेली.

ट्रकचालकाचा परवाना मकूकच्या कार्यालयातून मिळालेला होता. तो पैसे देऊन मिळाला असावा असा संशय त्याच खात्याच्या तपासनिसांना लगेच आला. त्यांनी चौकशी मागितली. खात्याचा इन्स्पेक्टर जनरल, म्हणजे खात्यातले गैरप्रकार तपासणारा अधिकारी, डीन बाउअर हा रायन यांचा कँककीपासूनचा मित्र. त्याने चौकशी बंद करायला लावली.

फाशीचा भाग स्वतंत्र प्रतिसादात लिहिते, नाहीतर दोन्हींची सरमिसळ होईल.

इंद्रधनु

वाचतेय. अंगावर काटा आला. एक विचारायचं होतं, परवान्याच्या लाचेतले पैसे रायनना स्वतःला मिळत होते का?

मक्याचं_रान

नाही, तसं कुणी सिद्ध केलं नाही. काउंटरवरची लाच थेट त्यांच्या खिशात गेली असा खटलाच नव्हता. त्यांच्यावरचे आरोप दुसरे होते. खात्याच्या जागांची भाडेपट्टी आणि कंत्राटं लॅरी वॉर्नरसारख्या मित्रांना मिळवून देणं, बदल्यात सहली आणि भेटी घेणं, सरकारी कर्मचारी प्रचाराला जुंपणं, कर चुकवणं, तपास अधिकाऱ्यांशी खोटं बोलणं. आणि बाउअरने गुंडाळलेली चौकशी. लाच कोण खातोय हे शोधणाऱ्या लोकांनाच गप्प केलं गेलं, हा माझ्या लेखी सगळ्यात मोठा गुन्हा.

हायवे_९४

मी विस्कॉन्सिनमध्ये मालवाहतुकीच्या धंद्यात आहे, डिस्पॅच बघतो. ट्रकवाल्यांच्या बाजूने चार शब्द लिहितो, कारण बाहेरच्याला 'परवाना विकत घेतला' म्हणजे नुसती कागदाची फसवणूक वाटते.

इथे भरलेला ट्रेलर ८०,००० पौंडांपर्यंत असतो, म्हणजे ३६ टनांच्या आसपास. पूर्वी प्रत्येक राज्याचा वेगळा नियम होता, काही ठिकाणी साध्या गाडीच्या परवान्यावर असला ट्रक चालवता यायचा. १९८६ च्या केंद्रीय कायद्याने अवजड वाहनांसाठी वेगळा परवाना आणला आणि एप्रिल १९९२ पासून तो सगळीकडे सक्तीचा झाला. त्या परीक्षेचा पहिला भाग गाडी चालवण्याचा नसतोच. ट्रकभोवती फिरून एकेक गोष्ट हाताने तपासून दाखवायची असते: टायर, ब्रेकच्या नळ्या, दिवे, मडफ्लॅप, बोल्ट. प्रत्येकाचं नाव घेऊन परीक्षकाला सांगायचं की हे घट्ट आहे, हे सैल आहे.

त्या दिवशी जे पडलं तो नेमका याच तपासणीतला भाग. इतर ट्रकवाल्यांना तो लोंबकळताना दिसत होता आणि रेडिओवरून ते त्या चालकाला सांगत होते. त्याला इंग्रजी कळत नव्हतं. परवान्यासाठी रस्त्यावरचे फलक आणि पोलीस काय म्हणतात हे समजण्याइतकं इंग्रजी लागतं, तीही अट पैशांनी पार झाली. आमच्या यार्डात नवीन पोरांना मी ही घटना सांगतो. सकाळी ट्रकभोवती चक्कर मारायचा कंटाळा करणाऱ्याला दुसरं काही सांगावं लागत नाही.

रोखठोक

माहिती चांगली आहे, पण मला वाटतं पुढच्या भागात तुम्ही त्यांना थोर ठरवणार. आधीच सांगून ठेवतो: फाशीचा सगळा खेळ हा स्वतःच्या मागे लागलेला तपास झाकायला होता. केंद्रीय तपास १९९८ पासून चालू होता, आणि हा माणूस २००० मध्ये अचानक साधू झाला. योगायोग?

मक्याचं_रान (५ मे २०२५)

रोखठोक, तुमच्या मुद्द्यावर येते. आधी घटना क्रमाने.

१९७७ मध्ये इलिनॉयने फाशी परत आणली तेव्हा विधानसभेत रायन यांनी बाजूने मत दिलं होतं. चर्चेत एका विरोधकाने विचारलं होतं, की बाजूने मत देणाऱ्यांपैकी स्वतः बटण दाबायला कोण तयार आहे? ही आठवण रायन यांनी पुढे स्वतः सांगितली. त्या वेळी त्यांनी हा प्रश्न फारसा मनावर घेतला नव्हता.

जानेवारी १९९९ मध्ये ते गव्हर्नर झाले आणि पुढच्याच महिन्यात अँथनी पोर्टर नावाचा कैदी सुटला. त्याच्या फाशीला दोन दिवस राहिले होते. त्याची बौद्धिक क्षमता फार कमी आहे, त्याला शिक्षेचा अर्थ तरी कळतो का, एवढ्या मुद्द्यावर न्यायालयाने सप्टेंबर १९९८ मध्ये स्थगिती दिली. त्या अवधीत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांनी आणि एका खाजगी शोधकाने प्रकरण उकरून काढलं आणि दुसऱ्या एका माणसाने कबुली दिली. जे काम पोलीस, वकील आणि न्यायालयांनी १६ वर्षांत केलं नाही ते विद्यार्थ्यांनी केलं, ही गोष्ट औषधाच्या दुकानातून आलेल्या या गव्हर्नरला फार लागली.

मार्च १९९९ मध्ये फाशीची पहिली फाइल त्यांच्या टेबलावर आली. आधीच्या धक्क्यामुळे ते बराच काळ अडखळले, कागद पुन्हा पुन्हा पाहिले आणि शेवटी फाशी होऊ दिली. त्यांच्या कारकिर्दीतली ती एकमेव. मग नोव्हेंबरमध्ये शिकागो ट्रिब्यूनची लेखमाला आली. केन आर्मस्ट्राँग आणि स्टीव्ह मिल्स या बातमीदारांनी १९७७ पासूनचे जवळजवळ ३०० खटले तपासले होते. त्यातले आकडे रायन पुढे आपल्या भाषणांत सांगत: ३३ आरोपींचे वकील नंतर निलंबित झाले किंवा त्यांची सनद गेली. ३५ कृष्णवर्णीयांना सगळे गोरे असलेल्या ज्यूरीने दोषी ठरवलं. ४६ जणांविरुद्ध तुरुंगातल्या खबऱ्यांची साक्ष वापरली गेली. निम्म्याच्या आसपास खटले अपिलात उलटले, एकतर फेरखटला झाला नाहीतर शिक्षेची सुनावणी पुन्हा झाली. आणि सगळ्यांत मोठा आकडा म्हणजे इलिनॉयने फाशी दिलेले १२, आणि फाशीच्या कोठडीतून निर्दोष सुटलेले १३.

३१ जानेवारी २००० रोजी त्यांनी सगळ्या फाशी थांबवल्या आणि १४ जणांचा आयोग नेमला. आयोगाने एप्रिल २००२ मध्ये ८५ शिफारशी दिल्या. विधिमंडळाने त्यांच्या कारकिर्दीत त्या मंजूर केल्या नाहीत. १० जानेवारी २००३ ला त्यांनी चौघांना निर्दोष म्हणून माफी दिली. शिकागो पोलिसांतला कमांडर जॉन बर्ज आणि त्याच्या हाताखालचे लोक संशयितांचा छळ करून कबुल्या घेत, त्याचे हे चार बळी. आणि ११ जानेवारीला, खुर्ची सोडायला दोन दिवस असताना, नॉर्थवेस्टर्नच्या लॉ स्कूलमध्ये उभं राहून त्यांनी फाशीच्या सगळ्या, म्हणजे १६७ जणांच्या शिक्षा कमी केल्या. बहुतेकांना मरेपर्यंत तुरुंग.

आता रोखठोक यांचा प्रश्न. तपास चालू होता, हे खरंच. पण ज्याला स्वतःला वाचवायचंय तो असं करेल का? रिपब्लिकन पक्ष चिडला, सरकारी वकील चिडले, बळींची कुटुंबं चिडली, मतदार तर आधीच विटलेले होते. २००१ मध्येच त्यांनी पुन्हा उभं राहणार नाही असं जाहीर केलं होतं. त्यांना दोषी ठरवणाऱ्या ज्यूरीला फाशीशी काही देणंघेणं नव्हतं. मनात काय होतं हे सिद्ध करता येत नाही, ना तुम्हाला, ना मला. मला दिसतं ते एवढंच. फाशीच्या बाबतीत हा माणूस फाइल उघडून बसला. एकेका खटल्यात काय झालं ते विचारलं, आवडणार नाही असं उत्तर आलं तरी थांबला नाही, आणि ज्या कायद्याला स्वतः मत दिलं होतं त्याच्याविरुद्ध उभा राहिला. सहा मुलांच्या बाबतीत त्याच्याच खात्यात फाइल बंद केली गेली आणि याने ती उघडायला सांगितली नाही. त्या कागदांच्या शेवटी त्याचा स्वतःचा निधी, स्वतःचे मित्र आणि कँककीची सगळी शिकवण होती.

म्हणून मला हे दोन वेगळे रायन वाटत नाहीत. प्रश्न विचारायची हिंमत त्याच्यात होती. स्वतःच्या घराच्या दाराशी ती थांबली, आणि त्याची किंमत दुसऱ्यांनी चुकवली.

कलम_१६१

चांगलं मांडलंत. मी पुण्यात वकिली करते, खटल्याच्या बाजूने थोडी भर घालते.

तपासाचं नाव होतं 'ऑपरेशन सेफ रोड'. एकूण ७९ जणांवर आरोप झाले आणि किमान ७६ दोषी ठरले. तपास खालून वर गेला: काउंटरवरचे कर्मचारी, मग वरिष्ठ, मग बाउअर, मग रायन यांचा उजवा हात स्कॉट फॉवेल, जो मार्च २००३ मध्ये दोषी ठरला. फॉवेलबरोबर रायन यांची निवडणूक समितीही आरोपी होती, तीही दोषी ठरली. व्यक्तीबरोबर तिचा प्रचारनिधीसुद्धा पिंजऱ्यात उभा राहतो, हे आपल्याकडे मला तरी कधी दिसलं नाही. शेवटी फॉवेलने रायन यांच्याविरुद्ध साक्ष दिली.

डिसेंबर २००३ मध्ये रायन आणि वॉर्नर यांच्यावर २२ कलमी आरोपपत्र आलं. केंद्रीय सरकारी वकील पॅट्रिक फिट्झजेराल्ड. खटला सप्टेंबर २००५ ते एप्रिल २००६. बचावाला डॅन वेब, ज्यांच्या फर्मचे प्रमुख तेच जिम थॉम्पसन, रायन यांचे एकेकाळचे गव्हर्नर. फर्मने फी घेतली नाही. ज्यूरी विचार करत बसली असताना दोन सदस्यांनी आपला पूर्वीचा अटकेचा इतिहास लपवल्याचं वर्तमानपत्राने उघड केलं. न्यायाधीश रिबेका पॉलमायर यांनी त्यांना काढून पर्यायी सदस्य घेतले आणि चर्चा पहिल्यापासून सुरू करायला लावली. १७ एप्रिल २००६ ला रायन सर्व आरोपांत दोषी ठरले (दोन आरोप न्यायाधीशांनी नंतर रद्द केले), सप्टेंबरमध्ये साडेसहा वर्षांची शिक्षा.

अपिलाचा मुख्य मुद्दा हा ज्यूरीचा घोळच होता. अपील न्यायालयात दोन विरुद्ध एक असा निकाल लागला. जे न्यायमूर्ती विरोधात गेले त्यांना वाटत होतं, की हा खटला सहा महिन्यांऐवजी सहा दिवसांचा असता तर लगेच बाद झाला असता. २०१० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'प्रामाणिक सेवे'च्या कायद्याचा (अधिकाऱ्याने लोकांची प्रामाणिक सेवा न करणं हीही फसवणूक मानणाऱ्या) अर्थ आवळला, त्यावर रायन यांनी पुन्हा दाद मागितली, पण काही हाती लागलं नाही. त्याच वर्षी इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांची सगळी सरकारी पेन्शन रद्द ठरवली, अगदी विधानसभेतल्या वर्षांचीही धरून.

मला स्वतःला दोन विरुद्ध एकचा तो निकाल खटकतो. फाशीच्या कैद्यांना न्याय्य खटला मिळाला नाही असं म्हणणाऱ्याला स्वतःचा खटला तरी निखळ मिळायला हवा होता.

रोखठोक

@मक्याचं_रान, पोर्टरची गोष्ट तुम्ही अर्धीच सांगितलीत. कबुली देणाऱ्या त्या दुसऱ्या माणसाने पुढे सांगितलं, की कबुली त्या खाजगी शोधकाने त्याच्याकडून वदवून घेतली. २०१४ मध्ये सरकारी वकिलांनीच त्याची शिक्षा रद्द करून त्याला सोडलं. मग ज्या प्रकरणामुळे रायनचं मन बदललं त्याचा पायाच डळमळीत नाही का?

मक्याचं_रान

बरोबर आहे, आणि ही बाजू इथे यायलाच हवी होती. पण तिच्यातून निघतं काय? एका खुनासाठी आधी एक माणूस फाशीच्या दारात गेला, मग दुसरा १५ वर्षं तुरुंगात राहिला, आणि शेवटी राज्याला दोघांपैकी कुणाबद्दलच खात्री देता येत नाही. रायन यांचं म्हणणं हेच होतं. खात्री नसेल तर मारू नका. बाकीच्या १२ जणांची प्रकरणं पोर्टरवर अवलंबून नव्हती, आणि बर्जच्या कोठडीतला छळ तर पुढे शिकागो शहराने मान्य करून नुकसानभरपाई दिली.

नाना_जालनेकर

हे वाचताना मला आमच्या भोकरदनचं प्रकरण आठवत राहिलं. २००३ मध्ये एका पेरूच्या बागेत राखण करणाऱ्या कुटुंबातले पाच जण मारले गेले, बायकांवर अत्याचार झाला. सगळा जिल्हा हादरला होता. सहा जण पकडले, सगळे भटक्या जमातीचे मजूर. खालच्या न्यायालयात फाशी, उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेप केली, आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी ठरवली. मार्च २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल मागे घेऊन सगळ्यांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला सरकारला सांगितलं. १६ वर्षं गेली. त्यांतला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता हे फाशीची शिक्षा सुनावल्यावर कळलं. वाचलेल्या बाईने सुरुवातीला फोटोंतून दुसऱ्याच चौघांना ओळखलं होतं, ते कागद न्यायालयापुढे नीट आलेच नव्हते.

गरिबाला वकील कसा मिळतो हे मी तालुक्याच्या कोर्टात उभं आयुष्य पाहिलं. रायन माणूस कसाही असेल, पण हा प्रश्न सत्तेत बसून विचारणारा पुढारी मला आपल्याकडे दिसला नाही. मला त्याच्याबद्दल आदर वाटतो.

हायवे_९४

नाना, तुमचं पटतं. पण मला आदर वाटू शकत नाही, मी ते लपवत नाही. १६७ जणांच्या फाइली वाचायला वेळ होता, मग सहा पोरांची एक फाइल का नाही? २००८ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुशकडे शिक्षा कमी करून मागताना माफी मागितली, त्याआधी १४ वर्षं कुठे होता? बुशने अर्ज मान्य केला नाही ते बरंच झालं.

इंद्रधनु

मी काल रात्री लुरा लिनबद्दल वाचत बसले. नवरा तुरुंगात असताना त्यांना फुप्फुसाचा कर्करोग झाला. जून २०११ मध्ये त्या गेल्या. रायनना शेवटच्या दिवसांत काही तास भेटायला सोडलं होतं, त्या गेल्या तेव्हा ते जवळ होते. अंत्यविधीला मात्र जाता आलं नाही. ५५ वर्षांचा संसार. शिक्षा व्हायला हवी होती हे मान्य करूनही हे मला फार कठोर वाटलं.

हायवे_९४

कठोर आहेच, ताई. तुरुंगात असलेल्या प्रत्येकालाच असतं. त्यांच्यासाठी वेगळा नियम केला असता तर मला जास्त राग आला असता.

मक्याचं_रान (६ मे २०२५)

लुरा लिनचा विषय निघाला म्हणून एक सांगते, हे फार कमी ठिकाणी येतं. १९८७ मध्ये कँककीतल्या एका धनिक माणसाचं खंडणीसाठी अपहरण झालं. त्याला लाकडी खोक्यात घालून जमिनीखाली पुरलं होतं. हवेसाठी नळी ठेवली होती, ती पुरली नाही आणि तो गुदमरून गेला. हा माणूस रायन यांचा शेजारी, त्यांची मुलं लहान असताना त्याने ती सांभाळलेली. त्याच्या खुन्याची फाशीही त्या १६७ मध्ये होती. नॉर्थवेस्टर्नच्या भाषणात रायन यांनी हे नाव घेऊन सांगितलं, आणि हेही सांगितलं की माझी बायकोसुद्धा या निर्णयामुळे माझ्यावर रागावली आहे. सरसकट शिक्षा कमी करणार नाही अशी आशा त्यांनी बळींच्या कुटुंबांना आधी दाखवली होती, मग शब्द फिरवला. त्या कुटुंबांचा संताप मला पूर्णपणे समजतो. आपल्या माणसाचा बळी गेलेल्या घराला 'यंत्रणा बिघडलेली आहे' हे उत्तर पुरत नाही.

आणि हायवे_९४, तुमच्या रागाशी मी वाद घालणार नाही. एवढंच म्हणते, की हे दोन हिशेब एकमेकांत वळते करू नयेत. १६७ जण जगले म्हणून सहा मुलांबद्दलचं ओझं हलकं होत नाही, आणि परवाने विकले गेले म्हणून बर्जच्या कोठडीत छळ झालेल्यांची माफी खोटी ठरत नाही. इथल्या वर्तमानपत्रांत या आठवड्यात बेरीज-वजाबाकी चालली आहे, तिचा मला त्रास होतो.

कलम_१६१

इलिनॉयचे एकूण चार गव्हर्नर तुरुंगात गेले ना?

मक्याचं_रान

हो. ऑटो कर्नर, डॅन वॉकर (हे पद सोडल्यानंतरच्या बँक प्रकरणात), रायन आणि रॉड ब्लागोयेविच. ब्लागोयेविच २००२ मध्ये निवडून आले तेच 'रायनचा भ्रष्टाचार संपवू' म्हणून. जानेवारी २००९ मध्ये महाभियोगाने त्यांना काढलं, २०११ मध्ये १४ वर्षांची शिक्षा झाली. सुटले ते २०२० मध्ये ट्रम्प यांनी शिक्षा कमी केल्यावर, २०२५ मध्ये पूर्ण माफीही मिळाली. तिकिटं खपवायची सवय एका माणसाला शिक्षा देऊन जात नाही. परवाना कार्यालयात मात्र फरक पडला. रायन यांच्यानंतर आलेल्या जेसी व्हाइट यांनी कर्मचाऱ्यांकडून देणग्या घेणं बंद केलं. ट्रकच्या परवान्याच्या बाबतीत हा बदल मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण लाचेला कारण होतं ते तिकिटांचं.

इंद्रधनु

शेवटचं विचारते. त्या १६७ जणांचं आणि फाशीच्या कायद्याचं पुढे काय झालं? नंतरच्या गव्हर्नरने परत सुरू केली का?

मक्याचं_रान

कमी केलेली शिक्षा नंतरच्या गव्हर्नरला परत वाढवता येत नाही. सरकारी वकिलांच्या बाजूने काही प्रकरणं आव्हान म्हणून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेली, तिथे २००४ मध्ये रायन यांचा अधिकार कायम झाला. बहुतेक जण आजन्म कैदेत राहिले. तिघांना ४० वर्षांची शिक्षा झाली होती, त्यांच्या सहआरोपींना तेवढीच होती म्हणून.

स्थगिती ब्लागोयेविच आणि त्यांच्यानंतरचे गव्हर्नर पॅट क्विन दोघांनीही चालू ठेवली. पण कायदा पुस्तकात होता, त्यामुळे न्यायालयं नव्या फाशी सुनावत राहिली. ९ मार्च २०११ ला क्विन यांनी फाशी रद्द करणाऱ्या कायद्यावर सही केली आणि त्या वेळी कोठडीत असलेल्या १५ जणांची शिक्षा आजन्म कैदेत बदलली. रायन तेव्हा इंडियानातल्या टेर होटच्या केंद्रीय तुरुंगात होते. फाशीच्या खटल्यांसाठी राज्याने वेगळा ठेवलेला निधी त्याच कायद्याने खुनाच्या बळींच्या कुटुंबांना मदत आणि पोलिसांचं प्रशिक्षण यांसाठी वळवला. रायन यांच्या आयोगाने जे बदल सुचवले होते त्यांतले काही, उदाहरणार्थ खुनाच्या प्रकरणांत पोलिसांनी केलेल्या चौकशीचं रेकॉर्डिंग सक्तीचं करणं, २००३ मध्येच कायद्यात आले. ते विधेयक राज्याच्या सिनेटमध्ये मांडणारे सदस्य होते बराक ओबामा.